अंगठा

डिसेंबरात इथे तीन वाजताच अंधारतं.
टोर्सहाव्नच्या बंदरात दिवे लागतात
आणि वाचनकक्षात उरतो मी, एक कुरकुरणारा हीटर,
आणि सहा नंबरच्या टेबलावर राग्नफ्रिद,
जिला एक बाई हवी आहे.

मासे वाळवणारी बाई.
खडकांवर कॉड पसरायचा,
ढग आला की गोळा करायचा,
ऊन आलं की परत पसरायचा.
दिवसाला किती ओरे ते मजुरीच्या वहीत आहे.
किती मासे सडले, तेही.

"नाव टाकलं की शून्य येतं," राग्नफ्रिद म्हणते.
मी म्हणतो, स्पेलिंग बदलून बघ.
कारकून डेन्मार्कहून आलेला,
कानावर पडेल तसं लिहायचा:
मालेना, मालेने, माग्दलेना,
एकदा तर नुसतंच "येन्सची".
वर्तमानपत्रांत शोधशील तर तिथलं यंत्र
जुन्या वळणाच्या अक्षरांपुढे पहिलीतलं पोर.
ख दिसला की रव म्हणतं,
खारा मासा रवारा होतो
आणि रवारा कुणीच शोधत नाही.

चौथ्या दिवशी तिने मला हाक मारली.
पडद्यावर पान अठ्ठ्याऐंशी.
डाव्या कडेला, नेमका नावांच्या रकान्यावर,
एक अंगठा.
गुलाबी, अवाढव्य,
नखाखाली गळ घुसल्याची आडवी खूण.
"कोण हा गाढव?" ती म्हणाली.

मी हात खिशात घातला.

बावीस वर्षांपूर्वी कंत्राटावर होतो.
पानामागे पैसे.
दिवसाला सहाशे पानं झाली तर
घरभाडं निघायचं.
उलटायचं, दाबायचं, उजेड,
उलटायचं, दाबायचं, उजेड.
वाचायचे पैसे नव्हते.

तळघरातून वही वर आणली.
चिठ्ठी पेन्सिलीनेच भरली, नियम मलाही आहे.
स्पंजच्या उशीवर ती उघडली,
पान मिटू नये म्हणून वजनाची दोरी ठेवली,
आणि राग्नफ्रिद नुसतीच "अरे" म्हणाली.

मधल्या एका हिवाळ्यात तळघरातला नळ फुटला होता.
पानाची उजवी बाजू चहासारखी तपकिरी,
शाई वाहून गेलेली.
डावी मात्र कोरडी.
अंगठ्याखालचं सगळं शाबूत.

मग आम्ही लॅपटॉप वहीला टेकवून ठेवला,
फाटलेली नोट जुळवतात तसा,
आणि ती वाचू लागली,
आधी कागदावरून, मग पडद्यावरून, एका दमात:

*मालेना, येन्सची, खालच्या घरातली.
सोमवार पूर्ण.
मंगळवार अर्धा, बाळंत.
बुधवार नाही.
गुरुवार पूर्ण.*

शेवटी सहीच्या जागी फुली.

हीटर तेवढा वाजत होता.
"गुरुवार पूर्ण," तिने परत वाचलं,
जणू स्पेलिंग तपासते आहे.

काही देशांत म्हणे
लिहिता न येणारा माणूस अंगठा लावतो.
आमच्याकडे फुली मारतात.
मालेनाच्या ओळीत दोन्ही आहेत.

"तळटीपेत काय देऊ? वही की चित्र?"
दोन्ही दे, मी म्हणालो. दोन्हींच्या तारखा दे.
कोणता शब्द कुठून घेतलास तेही दे.
"आणि हा?" तिने पडद्यावर बोट ठेवलं.
मी हात खिशातून काढला
आणि टेबलावर, दिव्याखाली ठेवला.
खूण आता सुरकुत्यांत बरीच लपली आहे.
तिने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
आणि गाढव शब्द परत घेतला नाही.
हसली मात्र.

साडेचारला ती बोट पकडायला पळाली,
मफलर खुर्चीवरच विसरून.
मी पुन्हा स्कॅन करण्याचा अर्ज भरायला बसलो.
पान: अठ्ठ्याऐंशी.
कारण: हात मध्ये आला.
जुने चित्र काढून टाकावे काय?

नाही.
अर्धी बाई तिथे आहे.